बुटांसकट

"थोर्गेर्दूर, तुझ्या कुरणात हेलिकॉप्टर का उतरतंय गं?" आर्नग्रीमूरने विचारलं, तेव्हा मी केलेला तिसरा पॅनकेक त्याच्या हातात होता आणि मिशीला साय लागली होती.

"मला काय विचारतोस? पोलीस तू आहेस."

तसा त्याचा दोष नव्हता. आइसलँडच्या या टोकाला तीन खाड्या मिळून हा एकच पोलीस. पूर्वी गाडीत जोडीला ह्योर्तूर असायचा. तो निवृत्त झाला, तर शहरातल्या साहेबांनी माणूस देण्याऐवजी एक डबी पाठवली. कोटाला लावायची, दर अर्ध्या तासाला दाबायची. दाबली नाही, तर एकटा कुठेतरी अडकलाय समजून ते धावून येणार. आता आमच्याकडे घरात शिरताना बूट आणि कोट दाराशीच उतरवतात, राष्ट्राध्यक्ष आला तरी. त्यामुळे डबी कोटावर आणि कोट खुंटीवर. बिचारी केकाटत होती म्हणे. पण माझे कान कमी आणि रेडिओचा आवाज मोठा.

हेल्मेट घातलेले चार जवान दारापर्यंत धावत आले आणि तिथे ओळीने वाकून बुटांच्या नाड्या सोडत बसले. आत कोणी मरत असता तर तेवढ्यात आटोपला असता! शेवटी मोज्यांवर आत येऊन त्यांनी पाहिलं काय, तर पोलिसाच्या मोज्यातून डोकावणारा अंगठा. हेलिकॉप्टरला बुजून उधळलेल्या माझ्या मेंढ्या गोळा करायला दोन दिवस लागले.

मग वरून हुकूम आला : ड्यूटीवर कुणाच्या घरात पाऊल ठेवायचं नाही. तेव्हापासून तो रोज दुपारी तीनला माझ्या फाटकाशी गाडीचे दिवे दोनदा मिचकवायचा. मी खिडकीतून पॅनकेकचा तवा दाखवून चिडवायची. एकदा फाटकाशी गेले, तर काच खाली करून म्हणाला, "दिवसभर एकट्याने गाडी हाकली ना, की माणूस स्वतःचा आवाज विसरतो बघ." मला वाईट वाटलं, पण मी म्हटलं, "मग गाणी म्हण."

ऑक्टोबरात एके दिवशी तीन वाजले, साडेतीन झाले, दिवे नाहीत. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. मी कंट्रोल रूमला फोन लावला.

"त्याची डबी वाजतेय का?"

"वाजतेय की, वीस मिनिटं झाली," तिकडची पोरगी हसली. "काय, आज पॅनकेक छान झालेत वाटतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं भवाने, तुझ्याच साहेबाने त्याला घरात यायची बंदी केलीय ना? तो इथे नाहीये!"

"अगं बाई!" एवढंच ती म्हणाली. त्या हवेत हेलिकॉप्टर निघणार नव्हतं, आणि त्यांचा जवळात जवळचा माणूस दीड तासावर होता.

मी जीप काढली आणि त्याच्या रोजच्या वाटेने निघाले. खिंडीत त्याची गाडी उभी होती, दार उघडं, इंजिन चालू. खाली चरात आर्नग्रीमूर. दारू पिऊन व्हॅन चालवणाऱ्या एका बाप्याला त्याने अडवलं, आणि हा एकटाच आहे हे बघून त्या मेल्याने त्याला ढकलून दिलं नि पळाला. डावा घोटा मोडला होता, ओठ निळे पडले होते.

"जिवंत आहेस ना रे?"

"आहे. हेलिकॉप्टर आलं का?"

"नाही. मीच आलेय."

"मग बरं झालं," तो म्हणाला, आणि मला रडू फुटलं. मी त्याला शिव्या देत देत जीपमध्ये घातलं.

दाराशी पोचलो. माझ्या खांद्यावर भार टाकून एका पायावर उभा होता, दात वाजत होते, आणि हा बाबा हळूहळू खाली वाकायला लागला.

"अरे गाढवा, काय करतोस?"

"बूट... तुझी जमीन खराब होईल."

"होऊ दे! चल आत."

"बुटांसकट?" त्याने असं विचारलं, जसं काही मी त्याला चोरीच करायला सांगत होते.

"बुटांसकट."

लंगडी घालत तो टेबलापर्यंत आला. तो पाय काही धड झाला नाही. तो मुलीकडे दक्षिणेला राहायला गेला. डबी शहरात परत गेली. त्याच्या जागी अजून कोणी आलेलं नाही.

दारापासून टेबलापर्यंत चिखलाचे सात ठसे अजून तसेच आहेत, सगळे उजव्या पायाचे. शेजारीण म्हणते, थोर्गेर्दूर, तू आळशी झालीस. झाले तर झाले. जरा कडेने ये, एवढंच मी तिला सांगते.