आपण तिथे नव्हतोच

माहितीपट करायच्या चार तऱ्हा असतात, असं दादाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. एकीत कुणीतरी भारदस्त आवाजात सगळं समजावून सांगतो. दुसरीत माणसांना खुर्चीत बसवून प्रश्न विचारतात. तिसरीत करणाराच कॅमेऱ्यासमोर येऊन लुडबुड करतो.

"आणि चौथी आपली. भिंतीवरची पाल व्हायचं. बघायचं, ऐकायचं, चुकचुकायचं मात्र नाही. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपण तिथे नव्हतोच."

दादा म्हणजे दिग्दर्शक आणि कॅमेरामन, दोन्ही एकटाच. आवाजाचं काम त्याच्या सहकारिणीकडे. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन या धंद्यात आलेली म्हणून दादा तिला कानसेन म्हणायचा.

"पाण्याचं तापमान मोजायला थर्मामीटर बुडवला, की तोही थोडी उष्णता घेतोच की," ती म्हणाली होती.

"कानसेन, तुझं शास्त्र घरी ठेवून येत जा बाई."

तीन महिने दोघं एका छोट्या लसीकरण केंद्रात चित्रण करत होते. दोन खोल्या, एक बाक, लसींचा जुना फ्रिज आणि सिस्टर. बावीस वर्षं सिस्टरने याच टेबलाशी बाळांना सुया टोचल्या होत्या.

त्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरीणबाई चित्रण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच आल्या, त्याही तावातावाने. फ्रिजमधला काटा अठरा अंशांवर होता. आठाच्या वर लस टिकत नाही.

"सगळा साठा गेला! मागच्या वर्षी नोंदवहीवरून तुम्हाला समज दिली होती ना? आता मला वर लिहावं लागेल. हे टेबल तुमच्याकडे राहायचं नाही, सांगून ठेवते."

दादाचा कॅमेरा हळूच पुढे सरकला. असा प्रसंग मागून मिळत नसतो. त्याने बोटाने खूण केली, माइक आणखी खाली. कानसेनने माइकची काठी पुढे केली. हेडफोनमध्ये सिस्टरचा श्वास अगदी कानाशी आला.

"संध्याकाळी मोबाइल लावला होता मी चार्जिंगला," सिस्टर चाचरत म्हणाली. "फ्रिजच्याच बोर्डावर. चुकून माझ्याच हातून..."

आवाज फार स्वच्छ येत होता. पाठीमागे फ्रिजची गुणगुण नव्हती. कानसेनने फ्रिजच्या बटणाकडे पाहिलं.

काल साडेतीनला एक आई रडत होती, सिस्टर तिची समजूत काढत होती आणि फ्रिज मध्येच घरघरत होता. बंद करू का, असं विचारलं असतं तर प्रसंग मोडला असता, आणि मोडायचा नाही हा तर नियमच. म्हणून तिने गुपचूप बटण दाबलं होतं. एरवी कुणाचा फ्रिज बंद केला, की ती आपल्या स्कूटरची किल्ली त्याच्या आत ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, म्हणजे फ्रिज लावायचा विसरता येत नाही. पण लसींचा फ्रिज उगाच उघडू नये. किल्ली खिशातच राहिली होती, आणि फ्रिज बंदच.

"नक्कीच माझ्याच..." सिस्टर म्हणत होती.

"फ्रिज मी बंद केला," कानसेन म्हणाली.

"अगं, कॅमेरा चालू आहे!" दादा कॅमेऱ्याआडून पुटपुटला.

डॉक्टरीणबाई वळल्या. "तुम्ही कोण?"

"मी आवाजवाली. कालच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे सगळं, वेळेसकट. ऐका."

डॉक्टरीणबाईंनी हेडफोन लावला. गुणगुण, खट्, शांतता. पुढच्या दीड तासात रडणं, बोलणं, पण गुणगुण नाहीच. त्यांनी तिचं नाव, पत्ता, सगळं उतरवून घेतलं आणि सिस्टरकडे न बघता गेल्या.

"तीन महिन्यांचं मातेरं केलंस," दादा म्हणाला. "हा प्रसंग आता कुठे लावू? यात आपणच आहोत."

"कालही होतोच की, दादा."

सिस्टर काही आभार मानायच्या मनःस्थितीत नव्हती. बाटल्या मोजून खोक्यात भरता भरता म्हणाली, "बटणाचं सोड. बावीस वर्षांत मी फ्रिज कधी विसरले नाही, आणि दोन मिनिटांत कबूल करायला निघाले होते गं. ते लागलंय मला." मग खोकं बंद केलं. "उद्या सदतीस बाळं यायची आहेत. त्यांच्या आयांना तू सांगायचं. मी नाही."

दुसऱ्या दिवशी कानसेन दारात उभी राहिली. दादाने बराच वेळ कॅमेऱ्याशी खुडबुड केली, मग तो तिच्याकडे वळवला. "आवाज कोण घेणार पण?"

"द्या इकडे," म्हणत सिस्टरने काठी उचलली.

पहिली बाई दोन बस बदलून आली होती. बाळ खांद्यावर झोपलं होतं.

"आज लस नाही," कानसेन म्हणाली. "माझ्या चुकीमुळे खराब झाली. मी फ्रिज बंद केला होता."

"का?"

"त्याचा आवाज येत होता."

"फ्रिजचा? मग येईना का!"

बाईने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय मी. आता कधी येऊ?"

"शुक्रवारी. नवा साठा येईल."

"बघा हं. पुन्हा शांतता नको व्हायला तुम्हाला."

"नंबर लिहून घे त्यांचा," काठी सावरत मागून सिस्टर म्हणाली. "साठा आला की तूच फोन करायचास."

कानसेनने वही उघडली. बाईच्या मागे आणखी दोघी येऊन उभ्या होत्या.