नीट केलेले गोळे

गोळा वळला नाही.

नरहरपंतांनी तो नेहमीसारखाच सोडला होता. डावा पाय पुढे, गुडघा वाकलेला, हात जमिनीला घासून गेलेला. गोळा हिरवळीवरून निघाला, निम्म्यावर आला, मंदावला. आता तो हळूच उजवीकडे वळणार म्हणून आम्ही माना उजवीकडे केल्यासुद्धा. पण तो शाळेत नवीन आलेल्या पोरासारखा नाकासमोर चालत राहिला आणि पलीकडच्या चरात जाऊन पडला.

"पाह्यलं बाबूजी?" डोमाजी सुतार मागून म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. "आता कसा जाते तं! साऱ्या गोळ्याइले बाक होता. एका अंगानं फुगेल होते. मले तं नवलच वाटलं. इतके वर्स तुमी असल्या वाकड्या गोळ्याइनं खेळून राह्यले, अन् कोनाले बोलले बी नाई."

नरहरपंतांनी दुसरा गोळा उचलला, हातात फिरवला, अंगठ्याने त्याच्या दोन्ही बाजू चाचपल्या. मग तिसरा. सगळे गोळे तेलाने चमकत होते आणि सगळे दोन्ही अंगांनी सारखे झाले होते.

"सगळे केलेत?" त्यांनी विचारलं.

"सारेच. लेथवर चढवून. पैशाची गोठ काढू नका बाबूजी, हे माह्याकडून. दवाखान्याच्या खोलीसाठी."

नरहरपंतांनी गोळा जपून खाली ठेवला. मग म्हणाले, "काम फार सुबक झालंय, डोमाजी."

आमच्या सिंदीतल्या या क्लबाची हकीकत सांगितल्याशिवाय त्या सकाळी काय झालं ते कळायचं नाही. जिनिंग फॅक्टरीत पूर्वी मॅक्रे नावाचा मॅनेजर होता. गावाने त्याला मकरे साहेब करून टाकलं होतं. त्याने बंगल्याशेजारी हिरवळ राखली, विलायतेहून जड लाकडाचे गोळे आणले आणि गोळे घरंगळवण्याचा हा खेळ सुरू केला. खेळाला चार गडी लागत. तीन गोरे मिळाले, चौथा मिळेना, म्हणून कापसाच्या पावत्या लिहिणारा देवळीचा एक तरुण कारकून उभा केला. तेच हे नरहर पांढरीपांडे. पुढे साहेब गेला, राज्य गेलं, हिरवळ आणि गोळे राहिले. गावातल्या मास्तर-बाबू लोकांनी क्लब चालू ठेवला आणि नरहरपंत त्याचे चिटणीस झाले. मी शाळामास्तर, त्यांच्या हाताखालचा दुय्यम चिटणीस, म्हणजे खुर्च्या उचलणारा.

या खेळातला गोळा मुळात दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. मुद्दाम तसा केलेला असतो. त्यामुळे वेग कमी झाला की तो एका अंगाला वळतो. समोर दुसऱ्याचे गोळे आडवे पडले असले तरी त्यांना वळसा घालून मागच्या छोट्या पांढऱ्या गोळीपाशी आपला गोळा नेऊन बसवायचा, हाच सगळा खेळ. आणि ते वळण नरहरपंतांच्या हातात होतं. बाकी माणूस अगदी साधा. बढती कधी मिळाली नाही, भाषण करता येत नसे, पत्त्यांत हमखास हरत. पण त्यांचा गोळा निघाला की गप्पा थांबत. आयुष्यात त्यांना एकच गोष्ट अशी येत होती, जी गावात दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. आणि डोमाजीने ती रात्रंदिवस खपून, प्रेमाने, तेल लावून काढून टाकली होती.

त्याची तरी काय चूक? डोमाजी फॅक्टरीतला सुतार. जिनचे रूळ नीट करण्यात त्याचा जन्म गेला. रूळ जरा बाकदार झाला की कापूस अडतो, सरकी फुटते आणि मॅनेजर बोंबलतो. वाकडं दिसलं की सरळ करायचं, ही त्याच्या हाताला लागलेली सवय. पोरांच्या तान्ह्या पोळ्याला त्याने केलेले लाकडी नंदी चारही पायांवर असे उभे राहत की पाठीवर पाण्याची वाटी ठेवली तरी हलायची नाही. त्याला गोळे दिले होते फक्त तेल लावायला, कारण उन्हाळ्यात लाकूड तडकतं. लेथवर धरून पुसावेत म्हणून त्याने पहिला गोळा चढवला, तो डुगडुगला, आणि पुढचं सगळं ओघाने झालं.

डोमाजी चहा प्यायला गेल्याबरोबर आमचा खजिनदार प्रेमदास उसळला. स्टेशनात मालबाबू होता, आवाजही मालगाडीचाच.

"मास्तर, त्या सुताराले बलावा इकडं! काऊन हात लावला त्यानं? आज वर्ध्याचे लोक येऊन राह्यले, ओमप्रकाशजी मोटार घेऊन येऊन राह्यले, अन् आता काय दाखवाचं त्याइले? गोट्या खेळाच्या?"

"हळू बोला," नरहरपंत म्हणाले.

"काऊन हळू? खोलीचं टीन आजच्या जमेवर हाये. सामना झाला नाई तं कोन देते वर्गणी?"

"प्रेमदास, डोमाजीला कोणी एक शब्द बोलायचा नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही."

प्रेमदास वाद सोडून वर्गणीची वही चाळायला लागला. कारण खोली कशाची ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दवाखान्याला लागून बाळंतिणीची खोली बांधायला घेतली होती. भिंती झाल्या होत्या, वर टीन नव्हतं. तोवर अडलेल्या बाईला वर्ध्याला न्यायचं तर पॅसेंजरची वाट बघावी लागे. मागच्या आषाढात डोमाजीची मुलगी सुंदरा, पहिलटकरीण, माहेरी आलेली, स्टेशनच्या फलाटावरच्या बाकावरच गेली. गाडी लेट होती. त्यानंतर डोमाजी बोलायचा कमी झाला, हसायचा तर थांबलाच. या खोलीच्या चौकटी त्याने एक पैसा न घेता केल्या. आणि गोळे नीट करणं हे त्याच्या लेखी त्याच कामातलं एक काम होतं. त्याला "तू खेळ बुडवलास" असं सांगायला जीभ कशी रेटणार? मला तरी ते जमलं नसतं.

"सामना कसा करायचा पण?" मी विचारलं.

"बघू," नरहरपंत म्हणाले.

उन्हं चढली तशी माणसं जमू लागली. संक्रांत नुकतीच झालेली, थंडी अजून अंगावर होती. कापसाच्या गाड्या आदल्या दिवशीच रिकाम्या झालेल्या, त्यामुळे गाडीवानसुद्धा कुंपणापाशी येऊन बसले. बायकांनी एका बाजूला टेबलं मांडली होती. नरहरपंतांच्या पत्नी प्रमोदिनीबाई तिथल्या मुख्य. सांभारवडी तळणं चालू होतं आणि तिच्या वासाने अर्धं गाव सामना न बघताच वर्गणी देऊन बसलं. हिरवळीच्या कडेने दोर बांधला होता. त्या दोराच्या आत वहाण घालून कुणी यायचं नाही, सभासद नसलेल्याने तर अनवाणीही यायचं नाही, हा नरहरपंतांचा नियम. इतकी वर्षं त्यांनी तो स्वतःच्या बायकोलाही सोडला नव्हता.

ओमप्रकाशजी आपली माणसं घेऊन आले. वर्ध्याचे कापसाचे व्यापारी, खेळाचे शौकीन, आवाज मोठा आणि हातही मोकळा. स्वतःचे गोळे चामडी पेटीत घालून आणले होते. पण पेटी मोटारीतच ठेवून ते आधी आमच्या गोळ्यांकडे आले. "वा! क्या चमकून राहिले आहेत!" म्हणत एक उचलला आणि वाकून सोडला. गोळा सरळ गेला आणि झेंडूच्या ताटव्यात शिरला.

लोक हसले. ओमप्रकाशजी हसले नाहीत. त्यांनी दुसरा गोळा उचलून उन्हात धरला.

"नरहरबाबू, ये क्या हो गया? ह्याचं वळण कुठे गेलं? किसने किया ये?"

डोमाजी टेबलाजवळ उभा होता, हातात चहाची बशी. त्याने एकदा ओमप्रकाशजींकडे पाहिलं, एकदा नरहरपंतांकडे. मला वाटलं, झालं. आता याला कळणार.

"मी सांगितलं करायला," नरहरपंत म्हणाले.

"आपने? काहून?"

नरहरपंतांना खोटं बोलायची सवय नव्हती. पहिलं कसंबसं जमलं, दुसरं सुचेना. ते धोतराचा सोगा चाचपत उभे राहिले. प्रेमदास आभाळाकडे बघायला लागला. मीही काही उपयोगाचा ठरलो नाही.

"आम्हा बायकांना खेळता यावं म्हणून!"

प्रमोदिनीबाई झारा हातात घेऊन उठल्या होत्या. त्या पदराला हात पुसत दोरापाशी आल्या. संध्याकाळी स्वयंपाक करता करता त्यांनी ती वळणं हिरवळीला लागून असलेल्या आपल्या घराच्या खिडकीतून इतकी पाहिली होती की काय गेलंय ते त्यांना आमच्या आधी कळलं असणार. नवऱ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

"तुमचे ते वळणारे गोळे तुम्हा चौघांनाच यायचे," त्या ओमप्रकाशजींना म्हणाल्या. "खोली बायकांची, मग खेळ एकट्या पुरुषांचा कसा? आज एक आणा द्यायचा आणि कुणीही एक गोळा टाकायचा. असंच ठरलंय ना हो?"

"हो," नरहरपंत म्हणाले. "असंच ठरलंय."

आणि त्यांनी स्वतः जाऊन दोराची गाठ सोडली. बाबूजी आपल्या कामाची बाजू घेतात, एवढंच डोमाजीला दिसलं; तो बशीतला चहा प्यायला.

पहिला आणा ओमप्रकाशजींनीच टाकला. "भाभीजी, पहिला गोळा तुमचा," म्हणाले. प्रमोदिनीबाईंनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी, सारवणाची बादली सरकवावी तसा गोळा ढकलला. तो पांढऱ्या गोळीच्या बराच अलीकडे थांबला, पण टाळ्या अशा पडल्या की पलीकडच्या फाटकातल्या बैलांनी कान टवकारले. मग शाळेतल्या शिक्षिका आल्या, मग पोस्टमास्तरांची आई. मग कुंपणाजवळचे गाडीवान एकमेकांना ढकलत आले, मजूरबायका हसत, तोंडाला पदर लावत आल्या. सखू नावाच्या सरकी वेचणाऱ्या म्हातारीने सलग तीनदा पांढरी गोळी गाठली आणि प्रत्येक वेळी "आता माहा आना वापस देता का?" असं विचारलं. प्रेमदास सकाळी गोट्या म्हणून ओरडला होता, तोच आता "या, या, सोपं हाये!" म्हणून लोकांना बोलावत होता. माणूस कधी कोणत्या रुळावर जाईल सांगता येत नाही.

एवढी गर्दी त्या हिरवळीने मकरे साहेबाच्या काळातही पाहिली नव्हती. गवत चिरडलं, मधोमध माती दिसायला लागली. नरहरपंत एका बाजूला उभं राहून प्रत्येकाला पाय कुठे ठेवायचा ते सांगत होते. गवताकडे ते बघत नव्हते, आणि ते बघत नाहीत हे बघून मला वाईट वाटत होतं.

तिसऱ्या प्रहरापर्यंत वर्गणी आणि आणे मिळून टिनापुरतं जमून वर दोन खाटांचीही सोय झाली. पावसाळ्याआधी खोलीवर टीन चढलं आणि त्या श्रावणात तिथे पहिलं मूल रडलं. पण ते पुढचं.

गर्दी पांगल्यावर ओमप्रकाशजींनी मोटारीतून आपली पेटी आणवली. आत चार गोळे, असल वळणाचे.

"चला नरहरबाबू, आता आपण दोघं. एकच डाव. वर्षभर तुमच्या त्या उजव्या वळणाची याद करून राहिलो. मी माझ्या लोकांना सांगून आणलंय, सिंदीचा एक बाबू आहे, गोळ्याला बोलवतो तिकडे गोळा जातो."

नरहरपंतांनी पेटीतला गोळा उचलला. अंगठा आपोआप त्याच्या बाजूवर फिरला. त्यांचे डोळे क्षणभर वेगळेच झाले. मी मनात म्हटलं, टाका पंत, एकदाच टाका. आमचे गोळे पुन्हा तसे व्हायचे नव्हते. एकदा उतरवलेलं लाकूड परत चढत नाही, आणि विलायतेहून नवे मागवायचे तर खोलीच्या भिंतीही विकाव्या लागल्या असत्या. मार्चात त्यांची नोकरी संपत होती. वर्ध्याला जाऊन खेळणं वगैरे त्यांच्या पेन्शनीत बसणारं नव्हतं.

डोमाजी तिथेच होता. चरातले गोळे गोळा करून, धोतराच्या टोकाने एकेक पुसून ओळीने मांडत होता. ओमप्रकाशजींचं बोलणं ऐकून तो जरा जवळ आला आणि पेटीत वाकून बघायला लागला.

नरहरपंतांनी गोळा पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

"आज नको, ओमप्रकाशजी. मनगट दुखतंय."

"अरे, एकच!"

"नको."

ओमप्रकाशजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग डोमाजीकडे. व्यापारी माणूस, नजर तयार. त्यांनी नरहरपंतांचा हात दोन्ही हातांत धरला, मग पेटी उचलून मोटारीकडे गेले.

आम्ही तिघेच उरलो. पलीकडे बायका टेबलं उचलत होत्या. डोमाजी ओळीतला शेवटचा गोळा हातात घेऊन घुटमळत उभा होता. इतकी वर्षं तो या हिरवळीच्या बाकांना, फाटकाला खिळे मारत आला, पण दोराच्या आत खेळायला कधी आला नव्हता.

"बाबूजी, मी एक टाकून पाहू काय?"

"या ना. डावा पाय पुढे घ्या. गुडघा वाकवा. हात सैल सोडा."

नरहरपंतांनी त्याच्या कोपराला हात लावून तो नीट केला. डोमाजीने एक डोळा मिटला, रूळ पारखताना मिटायचा तसा, आणि गोळा सोडला. तो चिरडलेल्या गवतावरून, मातीवरून, एका रेषेत गेला आणि पांढऱ्या गोळीला टेकून थांबला.

डोमाजी हसला. आषाढानंतर मी त्याचे दात पहिल्यांदा पाहिले.

"हे तं सोपं हाये नं, बाबूजी! मले वाटे का लय कठीन असन."

"सोपंच आहे, डोमाजी," नरहरपंत म्हणाले, आणि वाकून दुसरा गोळा उचलून त्यांनी त्याच्या हातात दिला.