नवा मासा सोडायचा नाही

ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी थोरल्याने धाकट्याला टाकीसमोर उभं केलं आणि सगळं समजावून सांगितलं. थोरला घड्याळं दुरुस्त करायचा. बोलतानाही एकेक चाक सुटं करून समोर मांडल्यासारखा बोलायचा. सकाळी एकदाच चिमूटभर दाणे, दोन मिनिटांत फस्त होतील एवढेच. रविवारी पाव टाकी पाणी बदलायचं, त्यासाठी बादल्या आदल्या दिवशीच भरून ठेवायच्या. फिल्टरला हात लावायचा नाही. आणि टाकीत नवा मासा सोडायचा नाही.

"एकसुद्धा नाही," तो म्हणाला. "मी येईपर्यंत आहे ते असू दे."

का, हे धाकट्याने विचारलं नाही. दादाला का म्हणून विचारायची त्याला सवयच नव्हती. वडील गेले तेव्हा हा सात वर्षांचा होता आणि दादा एकोणीसचा. तेव्हापासून दादाने सांगायचं आणि याने मान डोलवायची. पुढे हा चांगला वायरमन झाला, दोन मुलींचा बाप झाला, तरी दादा समोर आला की याचे हात आपोआप खिशातून बाहेर यायचे.

टाकी चार फुटी होती. आत दगडांची रास आणि राशीत कपारी. आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्यातले सिक्लिड जातीचे अकरा मासे त्यात सात वर्षं राहत होते. प्रत्येकाची कपार ठरलेली, हद्द ठरलेली. मधल्या कपारीत काळ्या पट्ट्यांचा एक थोराड निळा नर असायचा. वहिनी त्याला फौजदार म्हणायची. त्याच्या वाटेने दुसरा कुणी गेला की तो नुसता वळायचा, आणि दुसरा मागच्या मागे पसार व्हायचा.

वहिनी दवाखान्यात मुक्कामाला गेली. धाकटा रोज कामावर जाण्याआधी कुलूप उघडून आत यायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला दगडांच्या मागे एक पिवळी मादी आडवी पडलेली दिसली. तिचं पोट टम्म फुगलं होतं. त्याने तिला जाळीने काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि कुंडीतल्या मातीत पुरून टाकलं. दुपारी दवाखान्यातून दादाचा फोन आला. आवाज खोल गेलेला. मासे सगळे ठीक आहेत ना, एवढंच त्याने विचारलं.

"आहेत," धाकटा म्हणाला. दादाला कसलाही त्रास होऊ द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी वहिनीला बजावलं होतं. पण त्याला बोलवेना ते काही डॉक्टरांमुळे नव्हे. लहानपणी कप फुटला की तो तुकडे पलंगाखाली सरकवायचा, तोच हा धाकटा.

संध्याकाळी तो माशांच्या दुकानात गेला आणि तशीच एक पिवळी मागितली. दुकानदार जाडजूड माणूस होता, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. त्याने उलटतपासणीच घेतली. टाकी केवढी, जुने किती, नर किती. मग म्हणाला की एकटी सोडाल तर तिच्या चिंध्या करतील. सहा न्या, म्हणजे जुन्यांचा राग सगळ्यांत वाटला जाईल; जम बसला की पाच परत आणा. सोडायच्या आधी दगड हलवा, म्हणजे कुणाचीच जागा जुनी राहणार नाही. जुन्यांना पोटभर खाऊ घाला, दिवा बंद ठेवा. आणि मुख्य म्हणजे नव्यांना आधी तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा.

"जुनी कशाने मेली?" त्याने शेवटी विचारलं.

"वयाने," धाकट्याने ठोकून दिलं.

तीन आठवडे त्याच्याकडे नव्हते. दादा दहाव्या दिवशी घरी येणार होता. बाकी सगळं मात्र त्याने शब्द न् शब्द पाळलं. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, दगड उचलून राशी बदलल्या, दिवा मालवला. मग सहाही नवे मासे सोडले आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात टाकीसमोर जमिनीवर बसून राहिला.

काहीच झालं नाही. फौजदार बाहेर आला, बदललेल्या दगडांभोवती एक फेरी मारली आणि टाकीच्या मधोमध थांबला. पाठलाग नाही, चावाचावी नाही. बाकीचे जुने मागच्या काचेला चिकटून होते. खोलीत फिल्टरची घरघर तेवढी चालू होती. धाकट्याला हायसं वाटायला हवं होतं, पण उठण्याआधी त्याने मासे पुन्हा दोनदा मोजले.

दुसऱ्या दिवशी हीटरच्या आड एक नवा मासा दिसला, शेपटी कुरतडून थोटकी झालेली. तिसऱ्या दिवशी तोच तळाशी मेलेला, डोळे नसलेला. धाकट्याने कामावर सुट्टी टाकली. प्लॅस्टिकची जाळी कापली, वायरी बांधायच्या पट्ट्यांनी ताणून बसवली आणि टाकीचे दोन भाग केले, एकीकडे जुने, दुसरीकडे नवे. भांडण असेल तर आता मिटेल, असा त्याचा हिशेब होता.

पण जाळीच्या अलीकडे कुणी नवा नव्हता, तरी जुने मरतच गेले. आधी दोन राखाडी. मग दोन पिवळ्या एकाच दिवशी. सगळ्यांची पोटं तशीच फुगलेली, मागे पांढरा दोरा लोंबलेला. दाणे टाकले की वरच राहायचे आणि भिजून खाली बसायचे. आठव्या दिवशी फौजदाराने खाणं सोडलं. कपारीच्या तोंडाशी तो तिरका पडून भराभर श्वास घेत होता, आणि एक मरतुकडा नवा मासा जाळीला तोंड लावून त्याच्याकडे बघत होता.

तेव्हा धाकट्याच्या ध्यानात आलं की हे भांडण नाही. पाण्यातच काहीतरी आहे, आणि ते आपण पिशवीतून आणलं. रोज दुपारी फोन यायचा. रोज तो "आहेत" म्हणायचा.

दहाव्या दिवशी थोरला वहिनीच्या आधाराने आत आला. खुर्चीत बसला, दम खाल्ला आणि टाकीकडे बघितलं. चार मासे उरले होते, दोन जुने, दोन नवे. फौजदार त्यांत नव्हता. धाकट्याने हात खिशातून काढले आणि पहिल्या पिवळीपासून सगळं सांगून टाकलं, फोनवरचं खोटंसुद्धा. 

थोरला म्हणाला, "तू काही आणलं नाहीस. रोग आतच होता. पिवळीचं पोट मी पंधरा दिवस आधीच बघितलं होतं. दोनदा औषधही घातलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या डोक्याला ताप कशाला."

 धाकट्याची दहा दिवस पोटात घेऊन फिरलेली भीती उतरली, पण तिच्या जागी दुसरं काहीतरी वर येऊ लागलं. खुर्चीमागे उभी असलेली वहिनी हातातली पिशवी न ठेवता म्हणाली, की छातीत दुखतंय हेही यांनी मला सहा महिने सांगितलं नव्हतं. घड्याळांच्या दुकानात कोसळले तेव्हा शेजारच्या शिंप्याकडून कळलं.

धाकट्याने दादाला आणखी एक प्रश्न विचारला आणि जन्मात पहिल्यांदा उत्तर येईपर्यंत नजर हलवली नाही.

"आणखी काय सांगितलेलं नाहीस?"

थोरल्याने पाणी मागितलं. कुणीच हललं नाही. मग तो टाकीकडे बघत म्हणाला, की हृदयाच्या नसांत चार ठिकाणी अडलं होतं. ऑपरेशन तीनचंच झालं. चौथं करता येण्यासारखं नाही. घरच्यांना सांगू नका, असं त्यानेच डॉक्टरांना सांगितलं होतं. वहिनी पिशवीसकट स्टूल ओढून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने दुकानदाराला खरं ते सांगितलं आणि औषध आणलं. एक जुना आणि एक नवा, असे दोन वाचले. जाळी त्याने काढली नाही. ते दोघं आपापल्या बाजूला फिरत असतात.

आता दर महिन्याला तो दादाबरोबर तपासणीला जातो. बाहेरच्या बाकावर बसत नाही. आत जाऊन डॉक्टरांसमोर खुर्ची ओढतो आणि एकेक करून विचारत जातो. परवा डॉक्टर कागद बराच वेळ चाळत राहिले. मग त्यांनी दादाला जरा बाहेर थांबायला सांगितलं.

दादा उठला नाही.

"जे असेल ते दोघांना सांगा," तो म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढला, आणि दार लोटून घ्यायला सांगितलं.