दोनशे साडेसात अंश

ती शुक्रवारची सकाळ होती, मित्रांनो, आणि त्या सकाळी वेगळं असं काहीच घडलं नाही. रणोजीराव मास्तरांनी मागच्या पडवीत स्पिरिटचा दिवा लावला, काचेचा चंबू अर्धा पाण्याने भरून त्यावर चढवला आणि मला बांबूच्या नळकांड्यातून बाहेर काढलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पाणी उकळलं की नाही ते त्यांना आवाजावरून कळे, पण माझ्या अंगावरचे आकडे आता दिसत नसत. म्हणून त्यांनी हाक मारली, "भवानी, जरा ये गं."

भवानीबाई ही त्यांची एकुलती एक लेक. शिमोग्याला दिलेली, आठ दिवसांसाठी म्हैसूरला, लष्कर मोहल्ल्यातल्या या घरी आली होती. पदराला हात पुसत ती आली, वाकली आणि तिने डोळे बरोबर माझ्या पाऱ्याच्या पातळीला आणले.

"किती?"

"दोनशे साडेसात."

"बरं." मास्तरांनी चाचपडत वहीत आकडा लिहिला. ओळ तिरपी गेली. मग ते म्हणाले, "आता कॉफी दे. चिकोरी कमी घाल. कालची कॉफी की काढा, तेच कळेना."

"अय्यो अप्पा, तुम्हाला कुणाच्या हातची गोड लागली आहे? सुम्ने बसा जरा. आणते."

मास्तर गप्प बसले, हसले. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉफी घेऊन त्यांना उठवायला गेली, तेव्हा ते उठले नाहीत.

मी एक जुना थर्मामीटर आहे. माझा जन्म विलायतेतल्या एका समुद्रकाठच्या गावात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने भट्टीत काच तापवून, फुंकून माझी बारीक नळी घडवली आणि तिच्यात पारा भरला. मग त्याने मला बर्फात बुडवलं आणि पारा थांबला तिथे रेघ मारून फॅरनहाइटच्या मापाने बत्तीस लिहिलं. उकळत्या पाण्याच्या वाफेत धरलं आणि तिथे लिहिलं दोनशे बारा. या दोन रेघा मी कधी विसरलो नाही. पुढे बोटीने मद्रास, तिथून आगगाडीने म्हैसूर असा प्रवास करत मी मुलींच्या एका मिडल स्कूलमध्ये पोचलो. संस्थानात मुलींना विज्ञान शिकवणाऱ्या शाळा तेव्हा थोड्याच होत्या, त्यामुळे माझ्या आगमनाला मुख्याध्यापिकाबाईंनी पेढे वाटले होते.

मला हाती घेणारे विज्ञानाचे मास्तर म्हणजे रणोजीराव. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. मास्तरांना मात्र घोड्याची भीती वाटे आणि ते स्वतःच ती मोठ्याने सांगत. वर्ग कन्नडात चाले आणि मुली त्यांना 'मेष्ट्रे' म्हणत. एकच प्रयोग तीन मुलींनी तीनदा करायचा, एकीने दुसरीला आकडा सांगायचा नाही, आणि लिहिलेलं खोडायचं नाही, असा त्यांचा नियम होता. आकडे जुळले नाहीत तर मास्तर रागावत नसत. त्यांच्या वहीत शेवटी एक रकाना होता, 'चुकीचं कारण'. त्यात ते लिहीत: दिव्याची ज्योत हलली. नजर तिरपी होती. वाऱ्याची झुळूक आली.

शुक्रवारी शेवटचा तास प्रश्नांचा. मुलगी उत्तर देई आणि मास्तर लगेच विचारत, "पाहिलंस, की वाचलंस?"

"लोखंड गंजलं की त्याचं वजन वाढतं, मेष्ट्रे."

"पाहिलंस, की वाचलंस?"

"वाचलं."

"बस. सोमवारी पाहू."

मग सोमवारी खरंच खिळे ओले करून ठेवले जात. एकदा सीतालक्ष्मी नावाच्या मुलीने बर्फ पाण्यावर तरंगतो असं सांगितलं आणि मास्तरांनी नेहमीचा प्रश्न टाकला. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मेष्ट्रे, म्हैसुरात बर्फ कुठून पाहू? तुम्ही तरी पाहिलाय का?" मास्तर म्हणाले, "नाही गं. मीही नुसतं वाचलंच आहे," आणि सगळा वर्ग हसत सुटला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस.

आता माझ्यावर आलेलं किटाळ सांगतो. म्हैसूर समुद्रापासून पुष्कळ उंचावर आहे. इथली हवा जरा विरळ, तिचा दाब कमी. म्हणून इथे पाणी लवकर उकळतं. माझा पारा दोनशे साडेसातवर येऊन थांबे आणि काही केल्या पुढे सरकत नसे. पुस्तकात मात्र दोनशे बारा छापलेलं होतं. सन १९१२ मध्ये शाळा तपासायला एक साहेब आले. ते इतिहासाचे पदवीधर होते. त्यांनी मुलींच्या वह्या पाहिल्या आणि विचारलं, "मास्तर, तुमच्या शाळेला काय निराळं पाणी येतं?"

"पुस्तक खरं आहे, साहेब. पण ते समुद्रकाठी खरं," मास्तर नम्रपणे म्हणाले.

साहेबांना ते उद्धट वाटलं. त्यांनी शेरा लिहिला: उपकरण सदोष, टाकून द्यावे, पाठ्यपुस्तकाप्रमाणे शिकवावे. जाताना बजावलं, की पुढच्या वर्षी हाच प्रकार दिसला तर मास्तरांची बदली मलनाडच्या जंगलातल्या एखाद्या तालुक्यात होईल. तिथे हिवतापाने माणसं पटापट मरत.

मास्तरांनी मला टाकलं नाही. त्यांनी एका महिन्यात चाळीस वेळा पाणी उकळलं. एका रविवारी तर वर्गातल्या मुलींना घेऊन ते चामुंडीच्या टेकडीवर निघाले. हजार पायऱ्या. दिवा मास्तरांकडे, चंबू सीतालक्ष्मीकडे आणि मी भवानीकडे. ती तेव्हा बारा वर्षांची होती आणि त्याच वर्गात शिकत होती. तिने मला वाटभर दोन्ही हातांत धरलं होतं. मला तिच्या तळव्यांचा घाम अजून आठवतो. वर पाणी उकळलं आणि माझा पारा दोनशे सहापर्यंतही पोचला नाही. भवानीने तीनदा पाहिलं. "अप्पा, उतरला!" ती ओरडली. "आपण वर चढलो आणि पारा उतरला!" शाळेत त्यांना मेष्ट्रे म्हणायचं हे ती विसरली होती.

पण टेकडीवरून खाली आल्यावर गावात त्या गोष्टीचा तमाशा झाला. मास्तर मुलींना घेऊन पाणी उकळायला डोंगरावर जातात, असं लोक हसून सांगू लागले. नळावर, देवळात, शाळेच्या पायऱ्यांवर भवानीला गाठून मुली विचारत, "भवानी, तुमच्या घरी भात शिजतो का गं? पाणी धड उकळतच नाही म्हणे!" मराठी घरातल्या मुलींनी तर मास्तरांचं नावच 'साडेसाती' ठेवलं. भवानी आधी भांडायची. मग तिने भांडणं सोडलं. मग वडिलांबरोबर शाळेत चालत जाणंही सोडलं. ती दहा पावलं मागे राहू लागली. मास्तरांना वाटे, पोरीची चालच सावकाश आहे. ते मधूनमधून थांबत.

पुढच्या वर्षी साहेब पुन्हा आले. तोंडी परीक्षा सुरू झाली. मी टेबलावर होतो आणि मास्तर भिंतीशी उभे होते. साहेबांनी वर्गावरून नजर फिरवली आणि बोट नेमकं भवानीकडे वळवलं.

"पाणी किती अंशांवर उकळतं?"

भवानी उठली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"दोनशे बारा."

"शाबास!" साहेब म्हणाले. "मास्तर, तुमची मुलगी तुमच्यापेक्षा हुशार निघाली." मुलींनी टाळ्या वाजवल्या. सीतालक्ष्मीने वाजवल्या नाहीत. मास्तरांची बदली टळली.

त्या संध्याकाळी घरी मास्तरांनी लेकीला जवळ बोलावलं. मग ते म्हणाले, "माझी बदली होऊ नये म्हणून बोललीस. हो ना बाळ?"

भवानीने मान हलवली. हो.

मास्तरांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते सांगता येत नाही. माझ्या अंगावर त्यासाठी रेघ नाही.

दुसऱ्या शुक्रवारपासून प्रश्नांचा तास पूर्वीसारखाच चालू राहिला. मास्तर प्रत्येक मुलीला विचारत, "पाहिलंस, की वाचलंस?" भवानीने उत्तर दिलं, की मात्र नुसतं म्हणत, "बस." उकळण्याचा धडा आला, की ते पुस्तकातलं पान जसंच्या तसं वाचून दाखवत आणि उलटत. मला सदोष म्हणून यादीतून काढलं होतं, तेव्हा त्यांनी मला घरी आणलं. शाळेत नवा थर्मामीटर आला, पण वादाच्या भीतीने त्याला कुणी पाण्यात घातलंच नाही. मुली दिवा न लावताच वहीत दोनशे बारा लिहीत. तो बिचारा कपाटात राहून राहून आंधळा झाला असेल. घरी मास्तर दर शुक्रवारी एकदा पाणी उकळत. सतरा वर्षं. भवानी मोठी झाली, तिने पुस्तकांची कपाटंच्या कपाटं वाचली, तिचं लग्न झालं, तिला मुलं झाली. बापलेकींत कॉफीपासून महायुद्धापर्यंत सगळं बोलणं होई. 'पाहिलंस, की वाचलंस?' हा एक प्रश्न मात्र मास्तरांनी तिला पुन्हा कधी विचारला नाही. आणि तिनेही आपण होऊन काही सांगितलं नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात माझ्यासारखं कुणी धूळ खात पडलं असेल, तर त्याला बाहेर काढा. मऊ फडक्याने पुसा, कापसात ठेवा, पण कामाला लावा. त्याने दाखवलेला आकडा पुस्तकाशी जुळला नाही, तर त्याला लगेच खोटं ठरवू नका. पुन्हा एकदा पाहा. आणि जे दिसलं ते सांगायला उशीर करू नका. काच फुटली तर नवी मिळते. ऐकणारा माणूस मिळत नाही.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. शिमोग्याहून पत्र आलं, की मुलं आईची वाट पाहत आहेत. भवानीबाई मास्तरांची ट्रंक आवरायला बसली. मी तिच्या शेजारी जमिनीवर होतो. ट्रंकेत प्रयोगांच्या वह्या होत्या, वर्षावर्षाच्या, सुतळीने बांधलेल्या. ती एकेक उघडून पाहत होती. टेकडीच्या दिवसाचं पान आलं तेव्हा तिला थोडं हसूही आलं. कोपऱ्यावर सीतालक्ष्मीने सांडलेल्या पाण्याचा डाग होता.

मग १९१३ ची वही आली. परीक्षेच्या दिवसाचं पान. त्या दिवशी मास्तरांनी कुठलाच प्रयोग केला नव्हता, तरी ओळ भरली होती, त्यांच्या स्वच्छ, सरळ अक्षरात. नाव: भवानी. आकडा: २१२. चुकीचं कारण: मी.

भवानीबाई त्या एका अक्षराकडे पाहत राहिली. नळावरून घागरी भरून बायका घरी परतल्या. तिने पानावर बोट ठेवलं, जसं अक्षर पुसता येतं का ते पाहावं. मग तिने मान वर केली. खोलीत मास्तरांचा पलंग होता, गादी काढलेला. ती त्या पलंगाशी बोलली.

"अप्पा, मी तुमच्यासाठी नव्हते बोलले. बदलीचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. सगळ्या हसत होत्या, आणि मला तुमची लाज वाटत होती."