फाट्यावर सोडलेली जागा

नववर्षाच्या पहिल्या दिवशी आमच्या घराण्याने डोंगर चढावा, असा शिरस्ता आहे. जो पुढे चालतो त्याच्या निर्णयावर कोणी वाद घालायचा नाही, हा त्यातला मुख्य नियम. पती निवर्तल्यापासून पुढे मीच चालत आले.

यंदा मी शिखर रद्द केले आणि तळ्याकडे जायचे ठरवले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बेन आर्गाचा डोंगर लख्ख दिसत होता. माझा मुलगा स्ट्रुअन बुटांच्या नाड्या बांधता बांधता थांबला.

"तळ्याकाठच्या जंगलातून? आई, तिथे लोक कुत्री फिरवायला जातात."

"मग कुत्र्यांना अक्कल आहे म्हणायची."

त्याची होणारी बायको ऊना हसली. ती ग्लासगोची; हिवाळ्यात डोंगर कधी चढलेली नव्हती, आणि शिखर दाखवायची घाई त्यालाच अधिक होती.

आठवडाभर पश्चिमेचा वारा बर्फ उचलून पूर्वेच्या उतारावर टाकत होता, असा साचलेला बर्फ माणसाच्या वजनानेही निसटून कोसळतो, आणि शिखराची वाट नेमकी त्या उतारावरून जाते, हे मी त्याला सांगितले. त्याला ते निमित्त वाटले.

"गुडघे दुखत असतील तर सरळ सांग ना," तो म्हणाला. "ऐंशी ओलांडलीस तू."

गुडघे माझे ठणठणीत होते. ते सिद्ध करण्यासाठी शिखर गाठावे, अशी इच्छा इतक्या जोराने उसळली की पुढे चालायला आता मी योग्य उरले नाही, असे मला वाटले; मी वाटेसाठी केक कापून बांधला.

जिथे शिखराची आणि तळ्याची वाट वेगळी होते, त्या फाट्यावर मी बाजूला झाले.

"स्ट्रुअन, पुढे हो. ऊना तुझ्या मागे चालेल, तिच्या मागे मी. कुठे न्यायचं ते तू ठरव."

"आज? अगदी आजच?"

"आजच."

एकदा सोडलेली पुढची जागा आमच्याकडे कोणी परत मागत नाही. त्याने शिखर निवडले असते, तर मला मुकाट्याने मागून जावे लागले असते.

तो वरच्याच वाटेला लागला. पूर्वेचा उतार सुरू होतो तिथे त्याने मागे वळून पाहिले. ऊना त्याच्या प्रत्येक पाऊलखुणेत मोठ्या विश्वासाने पाय ठेवत येत होती. त्याने काठी बर्फात खुपसली. वरचा कडक पापुद्रा फुटला आणि काठी खाली भुसभुशीत बर्फात मुठीपर्यंत गेली. त्याने दुसरीकडे खुपसून पाहिली. तिथेही तेच.

"पोहोचायला किती वेळ लागेल?" ऊनाने विचारले.

त्याने काठी उपसली आणि तो मागे वळला.

"आज नाही, राणी. चला, तळ्याकडे."

तळ्याकाठी मी शेवटी चालले. पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती. त्या दोघांच्या पाठी मला दिसत होत्या, आणि ते दृश्य अंगवळणी पडायला वेळ लागणार होता.

दुपारी गाडीपाशी दोन तरुण शिखरावरून उतरून आले. गार वाऱ्याने लालबुंद, खुशीत. वर स्वर्ग होता म्हणाले.

स्ट्रुअन माझ्याकडे वळला. "जाता आलं असतं, आई."

"आलं असतं," मी म्हणाले.

मी आणखी काही बोलेन म्हणून तो थांबला. मी पाठपिशवी गाडीत ठेवली. परत फिरलो ते बरोबर की चूक, हे कधीच न कळण्याचे ओझे आता त्याचे त्यानेच वागवायचे होते. त्याने ऊनाच्या कॉलरवरचा बर्फ झटकला आणि तिच्यासाठी गाडीचे दार उघडले.