डाव्या हाताचे टाके

आमच्या मोच्याला सगळी मंडळी 'कवडी' म्हणायची. रविवारी चर्चमध्ये दानाची पेटी पुढ्यात आली की तो मान वर करून छताकडे बघायचा. इतका बघायचा, की छताला तिथं भोक पडलं आणि पावसाचं पाणी नेमकं धान्याच्या व्यापाऱ्याच्या टकलावर गळू लागलं. खोटं वाटत असेल तर टक्कल अजून आहे, बघून या.

आणि हाच बाबा पहाटे गरिबांच्या उंबऱ्यावर नवे जोडे ठेवून पळायचा. सगळी मिळकत चामड्यात. त्याची समजूत अशी, की गुपचूप दिलं तरच वर देवाकडे जमा होतं. तोंडानं बोललं की खातं बुडालं. आणि वरचं ते सगळं त्यानं लेकीच्या नावावर ठेवलेलं. टाका ओळखू येऊ नये म्हणून ते जोडे तो डाव्या हातानं शिवायचा. लोक आभार मानायचे व्यापाऱ्याचे. व्यापारी नुसता हसायचा. हसायला काय जातंय?

मग लेक आजारी पडली. छातीत पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, मोठ्या इस्पितळात हलवा, आजच्या आज. चर्चचा मदतनिधी होता, पण त्याच्या किल्ल्या व्यापाऱ्याच्या कमरेला. मोची बायकोला घेऊन, अर्ज हातात धरून चर्चच्या बैठकीत गेला; सगळी मंडळी जमलेली.

"काय कवडीशेठ, पुरलेला हंडा काढा की आता!" व्यापारी म्हणाला. "पेटीत कधी दमडी तरी टाकलीत?"

"अहो, बोला ना काहीतरी," बायको हुंदका देत म्हणाली. "पोर चाललीय आपली."

एका वाक्यात पोरीचं वरचं सगळं जाणार होतं. पण खाली ती धापा टाकत होती.

"ते जोडे," मोची म्हणाला, "मी ठेवायचो."

खोली अशी खदखदून हसली, की मेणबत्त्या विझल्या.

चर्चच्या पाळकसाहेबांनी एका म्हातारीच्या पायातला जोडा काढून घेतला, चष्म्याजवळ धरला. "टाका उलट्या अंगाचा आहे रे. तुझा नव्हे हा."

"डाव्या हातानं घातलाय, पाळकसाहेब. बघा, शिवून दाखवतो."

तो तिथंच फरशीवर बसला. टाका हुबेहूब उतरला.

व्यापारी वाकून बघत म्हणाला, "वा रे पठ्ठ्या! नक्कल बाकी झकास जमते."

अर्ज पुढच्या बैठकीवर ढकलला. पोर काही बैठकीसाठी थांबली नाही.

त्याच्यावर विश्वास बसला तो एकट्या बायकोचा. मातीवरून परतल्यावर, अंगावरची शाल न काढताच ती म्हणाली, "म्हणजे खरंच ठेवत होतात. आणि तिच्या खोकल्याचं औषध आणा म्हटलं, की घरात काही नाही म्हणायचात."

अगं, सगळं तिच्याच नावावर होतं, असं त्याच्या ओठांवर आलं. पण आता तेही उरलेलं नव्हतं.