यवामृताला साखर लागते

गुरुवारी चाकणच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका बाटल्या उराशी धरून रांगेत उभ्या. बूच निघालं की फस्स, फेस वर, आणि 'देव जागा झाला' म्हणत सगळे हात जोडायचे. यवानंद महाराजांचा धंदा साधा होता. ते 'यवामृत' द्यायचे, रोज घोटभर प्यायला आणि बाटलीत भरायला. त्यात आपल्या घरची चमचाभर साखर घालायची, बूच घट्ट लावायचं, आठवडाभर देवासमोर ठेवायचं. घर निर्मळ असेल तर अमृत जागं होतं म्हणे.

विजयश्रीची बाटली उघडली. ना फस्स, ना फेस.

महाराजांनी डोळे मिटून माइक जवळ ओढला. "अमृत मुकं झालं, म्हणजे घरात कोणीतरी पाप लपवतंय. बाटली भरली कुणी? सुनेनं? मग मला काय विचारता."

झालं. सासू अंबूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. विजयश्री सेकंड शिफ्ट करून उशिरा कंपनीच्या बसमधून उतरते, तेच आता पाप ठरलं. बॅग भर आणि माहेरी जा, असा निकाल लागला. नवरा मधुसूदन नंदीबैलासारखा मान हलवत बसला. विजयश्रीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

न्यायला धाकटा भाऊ ओजस वाकडहून आला. उरलेल्या यवामृताचा त्यानं वास घेतला, घोटभर चाखलं आणि कपाळावर हात मारला. "ताई, ही जवाची बिअर आहे. मी हौसेनं घरी करतो तशीच, फक्त भिकार." मग त्यानं समजावलं. पाव फुगवतं ते यीस्ट यात जिवंत असतं. बाटली बंद करताना साखर घातली की ते ती खातं आणि वायू सोडतं, त्याचाच फेस. गूळ चालतो, मधही चालतो. "तू काय घातलंस?"

"साखर. डब्यातली," ती म्हणाली आणि थांबली. अंबूबाईंना शुगर निघाल्यापासून घरात साखर येतच नव्हती. साखरेच्या डब्यात शुगर-फ्री पावडर असायची, आणि सगळे तिलाच साखर म्हणायचे.

यीस्ट त्या पावडरीला तोंडही लावत नाही, ओजस म्हणाला.

विजयश्रीनं बॅग तशीच ठेवली. सासूला म्हणाली, एक बाटली तुमच्या निर्मळ हातानं भरा, ती जागी झाली तर मी मुकाट जाते. अंबूबाई हुरळल्या, त्याच डब्यातून चमचाभर घालून मोकळ्या झाल्या. दुसरी बाटली सुनेनं भरली, गूळ घालून.

पुढच्या गुरुवारी सुनेच्या बाटलीचा फेस महाराजांच्या धोतरावर उडाला. दुसरी उघडली, ती मढ्यासारखी गप्प. महाराजांनी सवयीनं डोळे मिटले. "ही त्या पापिणीची."

"ही सासूबाईंची," विजयश्रीनं माइक ओढून घेतला. "सांगा, आता पाप कुणाचं?" महाराज पाणी मागू लागले. यीस्ट, साखर, वायू, डबा, सगळं तिनं खणखणीत आवाजात सांगितलं. बिअर म्हटल्याबरोबर अंबूबाईंचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला.

"म्हंजी इतके दिस मी दारू पीत व्हते व्हय?"

कुणाला हसू आवरेना. मधुसूदन पुढे येऊन हळूच म्हणाला, चल घरी.

"तू बाटलीला विचारलंस, मला नाही," ती म्हणाली. मग गर्दीकडे वळली. "देव मानायचा तर माना. पण सून कशी आहे ते बाटलीला विचारू नका. आधी घरातला डबा उघडून बघा. आमच्या घरात पाप नव्हतं, बायांनो. साखर नव्हती."

आणि ती बाहेर थांबलेल्या ओजसच्या गाडीत जाऊन बसली, यावेळी स्वतःच्या मर्जीनं.